दुखावलेला नायक आणि भिंतीपलीकडचा वाचक

१. प्रश्न कुठून आला

महाविद्यालयात मराठी कादंबरी आणि नाटक शिकवायला लागल्यापासून एक प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले : 'हा नायक सहानुभूतीस पात्र आहे काय? सकारण लिहा.' अभ्यासक्रमाप्रमाणे नायकाचे नाव तेवढे बदलत असे. कधी 'एकच प्याला'मधला सुधाकर, कधी 'रणांगण'मधला चक्रधर विध्वंस, कधी 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर. उत्तरेही ठरलेली असत. अर्धा वर्ग म्हणे, पात्र आहे, कारण त्याच्यावर अन्याय झाला. उरलेला अर्धा म्हणे, पात्र नाही, कारण अन्याय पुष्कळांवर होतो, म्हणून सगळेच असे वागत नाहीत. दोन्ही बाजूंना सारखे गुण देऊन मी मोकळी होत असे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी 'रणांगण' शिकवत होते. वर्ग लहानच. इंदुरात मराठी विषय घेणारी मुले किती उरली आहेत, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. चक्रधराची बाजू मांडून झाली, विरुद्ध बाजूही मांडून झाली. जुन्या इंदुरात चंद्रभागेच्या बाजूला राहणारी, वर्षभर फारशी न बोललेली एक मुलगी मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, "मॅडम, तो बोटीवरून उतरला. तिला उतरता येत नव्हतं." एवढे बोलून ती खाली बसली.

तास संपल्यावर ती मला भेटायला आली. इंदुरातल्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या त्या काळात तिच्या वडिलांचे काम गेले होते. पुढे त्यांनी दोन-तीन ठिकाणी काम धरले आणि सोडले. घरात बोलणे कमी झाले, ओरडणे वाढले. ती म्हणाली, "बाबांची गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. पाहुणे आले की आजी तीच सांगते. गोष्ट खरीच आहे, मॅडम. पण आईची गोष्ट कुणी विचारत नाही."

फळ्यावरचा माझा प्रश्न अपुरा आहे हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. नायक सहानुभूतीस पात्र आहे की नाही, हे विचारताना मी वाचकाला एकट्या नायकासमोर बसवत होते. त्या नायकाच्या दुःखाखाली दुसरे कोण राहत होते, हे मी विचारलेच नव्हते. मी स्वतः बाई असूनही इतकी वर्षे हॅर्टाकडे चक्रधराच्या डोळ्यांनीच पाहत आले होते. त्यानंतर केलेल्या फेरवाचनातून जे हाती लागले ते या लेखात मांडले आहे. मनाने दुखावलेला नायक लेखक कसा उभा करतो, वाचक त्याच्याजवळ का थांबतो किंवा का उठून जातो, आणि नव्या लेखकाला यातून काय घेता येईल, असे तीन प्रश्न समोर आहेत.

२. वाचकाच्या तीन जागा

दुखावलेल्या नायकाची कथा वाचताना वाचक साधारणपणे तीनपैकी एका जागी बसतो.

पहिली जागा वकिलाची. नायकावर झालेला अन्याय वाचकाला आपलाच वाटतो. नायकाने पुढे काहीही केले तरी तो त्याची बाजू लढवतो. दुसरी जागा न्यायाधीशाची. या जागी बसलेला वाचक कारणे ऐकून घेतो, पण निकाल देऊन मोकळा होतो आणि पुस्तक मिटतो. तिसरी जागा शेजाऱ्याची. ती समजावून सांगायला आमची जुनी इंदूर बरी. इथल्या अरुंद गल्ल्यांत दोन घरांत मिळून एकच भिंत असते. शेजारच्या घरातला आवाज चढला की तो ऐकू येतो, आणि नंतरचे मुसमुसणेही ऐकू येते. शेजाऱ्याला दोन्ही आवाज माहीत असतात. त्याला खटला चालवता येत नाही आणि घर सोडून जाताही येत नाही. सकाळी त्याच माणसाला 'काय, कसे आहात?' म्हणावे लागते.

माझे प्रतिपादन असे आहे की, दुखावलेल्या नायकाच्या ज्या कथा पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात, त्या वाचकाला या तिसऱ्या जागी नेतात. त्यासाठी लेखकाला दोन कामे करावी लागतात. नायकाची जखम दाखवावी लागतेच, पण त्या जखमेमुळे नायकाच्या हातून दुसऱ्या कुणाला काय सोसावे लागते तेही भिंतीपलीकडून ऐकू येऊ द्यावे लागते. पहिले काम बहुतेक लेखक करतात. दुसरे टाळले की वाचक वकील तरी होतो किंवा न्यायाधीश तरी.

ॲरिस्टॉटलने करुणेचा संबंध वाट्याला नको होते अशा दुःखाशी आणि भयाचा संबंध आपल्यासारख्या माणसाशी जोडला. ही मांडणी आपण वर्गात शिकवतो, परंतु ज्याला दुःख मिळाले आणि ज्याने पुढे दुसऱ्याला दिले, अशा माणसाशी तिचा मेळ घालताना अडचण येते. या अडचणीवरचा एक फार जुना तोडगा आपल्याच परंपरेत सापडतो.

३. भवभूतीने केलेली सोय

'उत्तररामचरिता'तला राम हा खऱ्या अर्थाने दुखावलेला नायक आहे, आणि त्याची जखम त्याच्याच हाताने झालेली आहे. लोकापवादासाठी त्याने गर्भवती सीतेचा त्याग केला. आता तो त्या दुःखाने झिजतो आहे. अशा नायकाचा शोक प्रेक्षकाने कसा स्वीकारायचा? 'तूच केलेस ना?' असे कुणीही विचारील.

भवभूतीने तिसऱ्या अंकात याची सोय केली आहे. या अंकाला छाया अंक म्हणतात. राम पंचवटीत परत येतो. पूर्वी सीतेसह घालवलेल्या दिवसांच्या खुणा पाहून मूर्च्छित होतो, विलाप करतो. त्या वेळी सीता रंगमंचावरच आहे. भागीरथीच्या कृपेने ती कुणाला दिसत नाही. तमसा नदी तिच्या सोबत आहे. राम काय बोलतो ते सीता ऐकते, आणि आपण सीतेला ऐकताना पाहतो. शिवाय वनदेवता वासंती आहे. ती रामाला स्पष्ट शब्दांत जाब विचारते. म्हणजे एकाच प्रसंगात नायकाचे दुःख, ज्या व्यक्तीवर अन्याय झाला तिची उपस्थिती आणि दोष ठेवणारा आवाज, या तिन्ही गोष्टी प्रेक्षकाला एकदम मिळतात.

येथे रामाला माफ करण्याची घाई नाटककाराने केलेली नाही, त्याला टाकूनही दिलेले नाही. त्याच्या शोकाचे मोल प्रेक्षक ठरवतो ते सीतेच्या चेहऱ्यावर पाहून. भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर झाली, असे त्यांच्या प्रस्तावनांतून समजते. काही अभ्यासक कालप्रियनाथ म्हणजे उज्जैनचा महाकाल असे मानतात. ते खरे धरले तर वाचकाच्या तिसऱ्या जागेचा एक पहिला धडा आपल्या माळव्यातच दिला गेला, असे म्हणता येईल.

पुढील विवेचनात या अदृश्य उपस्थितीला मी 'छायासीता' म्हणते. नायकाच्या जखमेची झळ जिला लागते आणि जिचे ऐकणे लेखनात जाणवत राहते, ती व्यक्ती. ती स्त्रीच असली पाहिजे असे नाही.

४. सुधाकर आणि सिंधू

राम गणेश गडकरींचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक अशी त्याची ओळख करून दिली जाते, पण सुधाकराच्या पतनाची सुरुवात दारूत नसून अपमानात आहे. तो बुद्धिमान आणि मानी वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनदेवर संकट येते, आणि त्या मानभंगाचा विसर पडावा म्हणून तळीरामाच्या हातून पहिला प्याला येतो. मानसिक जखम, तिच्यावरचा तात्पुरता उपाय आणि उपायाचेच व्यसन, हा क्रम गडकरींनी अतिशय अचूक मांडला आहे.

सुधाकराची झळ सिंधूला लागते आणि ती प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर लागते. दळण दळून दिवस काढणारी सिंधू, हातचे गेलेले मूल, शेवटी मरणपंथाला लागलेली असतानाही पतीवर दोष येऊ न देणारी सिंधू. प्रेक्षक रडतो तो मुख्यतः तिच्यासाठी. बालगंधर्वांनी रंगवलेल्या सिंधूच्या आठवणी आपल्या आधीच्या पिढ्या सांगत असत, त्याही याला साक्ष आहेत.

तरीही छाया अंकाशी तुलना केली तर एक फरक दिसतो. भवभूतीच्या सीतेला रागही येतो आणि प्रेमही वाटते, ही दोन्ही तिच्यात झगडतात, आणि जाब विचारायला वासंती आहे. सिंधू मात्र आधीच क्षमा करून बसलेली आहे. ती क्षमा करते म्हणून प्रेक्षकही करतो. आजच्या वर्गातल्या मुली नेमक्या या ठिकाणी अस्वस्थ होतात. 'तिला राग का येत नाही?' हा त्यांचा प्रश्न नाटकाच्या काळाला धरून सोडवता येतो, पण तो पुसून टाकता येत नाही. ज्याला जखम पोहोचते त्याचा राग लेखनातून वजा केला की नायकाला मिळणारी सहानुभूती स्वस्त होते, एवढे नव्या लेखकाने यातून घ्यावे.

याच संदर्भात ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!'चे स्मरण होते. १८९० पासून 'करमणूक'मधून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिथे भिंतीपलीकडची व्यक्तीच निवेदन करते. यमूचे मनही मोडलेले आहे, परंतु ती आपली जखम दुसऱ्याला देत नाही, ती देण्याइतकी सत्ताच तिच्याकडे नाही. घराघरांतून ऐकू येणारा आवाज आपट्यांनी पहिल्यांदा इतका सलग ऐकवला, आणि शीर्षकातच वाचकाला विचारले की हे लक्षात घेणारा कोण आहे.

५. चक्रधर उतरतो

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर नाझी जर्मनीतून बाहेर काढलेले ज्यू निर्वासित आणि मुंबईला परतणारा चक्रधर विध्वंस. उमावरील प्रेमाच्या अपयशाने तो कडवट झालेला आहे. स्त्रीविषयी, प्रेमाविषयी, माणसांविषयी त्याच्या मनात अविश्वास आहे. या बोटीवर त्याला हॅर्टा भेटते. तिने जे गमावले आहे ते त्याच्या दुःखाच्या कितीतरी पट मोठे आहे.

या कादंबरीची ऐतिहासिक बाजू विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी लागते. १९३८-३९ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंना घ्यायला फार थोडे देश तयार होते. शांघाय बंदरात उतरायला त्या वेळी व्हिसा लागत नसे, म्हणून हजारो निर्वासित पूर्वेकडच्या बोटींनी निघाले. वाटेत मुंबई लागे. तिथे परवान्याशिवाय उतरता येत नसे. त्यामुळे बोटीवरचा चक्रधर आणि बोटीवरची हॅर्टा एकाच डेकवर उभे असले तरी त्यांच्यामध्ये एक भिंत आहे. त्याच्याकडे परतायला देश आहे. त्याच्या कडवटपणालाही एक घर आहे.

बेडेकरांनी निवेदन मुख्यतः चक्रधराकडे ठेवले आहे. त्यामुळे वाचक सुरुवातीला त्याचा वकील होतो. तो स्वतःकडे तुसडेपणाने पाहतो, म्हणून आपल्याला तो प्रामाणिक वाटतो. पण मुंबई येते, तो उतरतो, बोट पुढे जाते आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात हॅर्टाची पत्रे येऊ लागतात. इथे आवाज बदलतो. इतका वेळ चक्रधराच्या नजरेतून दिसलेली स्त्री आता स्वतः बोलते, आणि अखेर तिने समुद्रात जीव दिल्याचे कळते. या पत्रांनंतर आधीची सारी पाने मनात पुन्हा वाचली जातात. चक्रधराचे प्रेमभंगाचे दुःख खोटे ठरत नाही, पण त्याचे माप बदलते.

माझ्या विद्यार्थिनीने एका वाक्यात सांगितले ते हेच. तो उतरू शकला, ती उतरू शकत नव्हती. वाचकाला चक्रधराचा राग येत नाही, त्याची कीवही येत नाही. त्याच्याबरोबर मुंबईच्या धक्क्यावर उभे राहावे लागते, हातात पत्र घेऊन. शेजाऱ्याची जागा ती हीच.

६. पांडुरंगाची 'वगैरे'

'कोसला' १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीचे होते, आणि कथा सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचा. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला, तिथे काहीच न जमलेला, अखेर गावी परतलेला मुलगा. पु. ल. देशपांड्यांनी या कादंबरीचे मनापासून स्वागत केले. तरुण वाचकांनी तिची भाषा इतकी उचलली की पुढे बराच काळ 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांवर पांडुरंगाची मालकी आहे की काय असे वाटावे.

आमच्या वर्गात मात्र पहिल्या आठवड्यात ठरलेली तक्रार येते : "मॅडम, याला काही काम नाही का?" ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. नायकाचे वैतागणे, हॉस्टेलातला पैशाचा घोळ, वडिलांशी असलेले वाकडे, या सगळ्यात वाचकाचा न्यायाधीश जागा होतो. तो पुस्तक मिटण्याच्या बेतात असतो.

मग मनी जाते. लहान बहीण, देवीच्या आजाराने. इतका वेळ चाललेला थट्टेचा सूर तिथे टिकत नाही. ज्या मुलाला आपण वाचाळ समजत होतो त्याला आता बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय राहवतही नाही. एका वर्षी हा भाग मोठ्याने वाचताना एक मुलगा वर्गाबाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे येऊन बसला. मी काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. वार्षिक परीक्षेत 'कोसला'वर त्याने लिहिलेले उत्तर मात्र मी अजून विसरलेले नाही. वाक्यरचना बरीच हिंदी वळणाची होती, पण त्या मुलाला मनी कळली होती.

'कोसला'त छायासीता कुठे आहे? हॅर्टासारखे दुसऱ्याच्या बाजूचे निवेदन इथे नाही. नेमाड्यांनी ही भिंत निवेदकाच्या आतच घातली आहे. पांडुरंग जे सांगतो त्याच्यावर त्याचाच पुरता विश्वास नाही. 'उदाहरणार्थ' म्हणताना तो सुचवतो की माझे म्हणणे हा केवळ एक नमुना आहे, शेवटचा शब्द नाही. 'वगैरे' म्हणताना तो स्वतःचे भाषण अर्ध्यावर तोडतो. स्वतःच्या दुःखाचे भांडवल करायला निघालेल्या माणसाला तो स्वतःच मध्येच अडवतो. म्हणून तो वाचकाकडे सहानुभूती मागत नाही. वडिलांविषयी त्याने कितीही तिरके सांगितले तरी पैसे पाठवणारा, संसार ओढणारा तो माणूस त्याच्याच निवेदनाच्या फटींतून आपल्याला दिसत राहतो. पांडुरंगाला दिसते त्यापेक्षा जास्त वाचकाला दिसावे, एवढी जागा लेखकाने ठेवली आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणून दस्तयेवस्कीच्या १८६४ मधल्या तळघरातल्या माणसाकडे पाहता येईल. तो स्वतःला इतके ओरबाडतो की वाचकाला दोष द्यायला काही शिल्लक उरत नाही. मात्र लिझा नावाची मुलगी त्याच्यावर विश्वास ठेवून दारात येते आणि तो तिचा अपमान करतो. त्या क्षणी आपले सारे लक्ष त्याच्या चतुर आत्मनिंदेवरून उठून लिझाकडे जाते. आत्मनिंदा हीदेखील एक ढाल असू शकते, हे लिझामुळे कळते.

७. जिथे वाचक वकील होतो

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली प्रसिद्ध झाली. मराठी घरांतून तिच्याइतके प्रेम क्वचितच एखाद्या कादंबरीला मिळाले असेल. आमच्याकडे ज्या घरांत आता मराठी पुस्तके विकत घेतली जात नाहीत, तिथेही 'मृत्युंजय'ची बांधणी सुटलेली प्रत कपाटात असते. कर्ण हा दुखावलेल्या नायकाचा मूळ नमुनाच म्हणावा लागेल. जन्मताच टाकलेला, कुळावरून पदोपदी हिणवलेला.

कादंबरीत कर्णाबरोबर दुर्योधन, शोण, वृषाली, कुंती आणि कृष्ण यांचीही निवेदने आहेत. अनेक आवाज असल्याने भिंतीपलीकडचे ऐकू येईल अशी अपेक्षा होते. परंतु निवेदकांच्या यादीत द्रौपदी नाही. द्यूतसभेत कर्णाच्या शब्दांचा घाव जिला बसला तिला स्वतःचे असे प्रकरण मिळत नाही. त्यामुळे निवेदक सहा असले तरी वाचक पहिल्या जागेवरच राहतो, कर्णाच्या वकिलाच्या. हा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्याची बाजू एकदा तरी पूर्ण मांडली जावी, ही वाचकाची खरी भूक असते आणि सावंतांनी ती भागवली. द्रौपदीचा आवाज ऐकायचा तर प्रतिभा राय यांच्या ओडिया 'याज्ञसेनी'कडे जावे लागते. मी वर्गात दोन्ही पुस्तकांची नावे एकाखाली एक लिहिते आणि मुलांना सांगते, दोन्ही घरांत जाऊन या.

वकील होण्यात एक धोका मात्र आहे. कर्णावर मनापासून प्रेम करणारा वाचक आपल्या घरातल्या रागीट, दुखावलेल्या माणसालाही कर्णच समजू लागतो. त्याच्या रागाला कवचकुंडले चढवतो. घरातल्या इतरांनी मग गप्प बसायचे असते.

८. माळव्यातला बिशू

हा विषय आपल्या मातीत कुणी लिहिला का, असे विचारले तर शरच्चंद्र मुक्तिबोधांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १९२१ चा, इंदूरचा. थोरले बंधू गजानन माधव यांनी इंदूरच्या होळकर कॉलेजात शिक्षण घेतले आणि ते हिंदीचे मोठे कवी झाले, तर शरच्चंद्रांनी मराठीत लिहिले. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांत गेले, हे आपल्या माळव्यातल्या मराठी घरांचे नेमके चित्र आहे.

'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९) या तीन कादंबऱ्यांतून त्यांनी बिशूच्या मनाची घडण दाखवली. संवेदनशील, स्वतःशी झगडणाऱ्या या नायकाचे दुःख मुक्तिबोध त्याच्या एकट्याचे ठेवत नाहीत. भोवतालच्या माणसांच्या दुःखाशेजारी ते आणून ठेवतात. यात छायासीता एक व्यक्ती नसून भोवतालचा समाज आहे. हिंदी वर्गात 'शेखर : एक जीवनी' वाचून आलेल्या आमच्या मुलांना ही तुलना लगेच समजते. अज्ञेयांचा शेखर स्वतःच्या आत खोल उतरत जातो, बिशूची वाट हळूहळू बाहेरच्या माणसांकडे वळते. ही पुस्तके आपल्या वाचनालयांतून सहज मिळायला हवीत, एवढी विनंती या निमित्ताने करते.

९. लिहिणाऱ्यांसाठी

आंतरमहाविद्यालयीन कथास्पर्धांसाठी आलेल्या कथा तपासताना दुखावलेले नायक फार भेटतात. त्यांतल्या चुका एकाच प्रकारच्या असतात. म्हणून काही सूचना.

पहिली : जखमेचे कारण लवकर सांगून टाकू नका. तिसऱ्याच पानावर 'लहानपणी त्याचे वडील वारले' असे आले की वाचक पुढचे सारे वागणे त्या वाक्याच्या खात्यावर टाकतो. आधी वागणे दिसू द्या. कारण नंतर कळले तर ते वाचकाला मागे वळून पाहायला लावते.

दुसरी : कारण म्हणजे सुटका नव्हे. जखमेमुळे माणूस असा का झाला ते समजते, त्याने केलेले भरून निघत नाही. या दोन गोष्टींमध्ये अंतर ठेवता आले पाहिजे.

तिसरी : आजाराचे नाव देऊन पात्र संपवू नका. 'तो डिप्रेशनमध्ये होता' हे वैद्याचे वाक्य आहे. लेखकाने सांगायचे ते असे की, त्याने तीन दिवस दाढी केली नाही आणि चौथ्या दिवशी मुलीच्या शाळेत जाताना केली.

चौथी : नायकाची झळ ज्याला लागते, त्याच्या बाजूने एक प्रसंग पूर्ण लिहून काढा. तो कथेत घातलाच पाहिजे असे नाही. पण तो लिहिल्यावर मूळ कथेकडे परत या. स्वयंपाकघरातून आलेला भांड्याचा आवाज, न उचललेले ताट, दाराआड थांबलेली पावले, असे काही तरी आपोआप कथेत शिरेल. भिंत पातळ होईल.

पाचवी : शेवटी सगळ्यांना रडवून गळ्यात गळे घालू नका. क्षमा ही ज्याला दुखावले त्याची असते. लेखकाने ती त्याच्या वतीने परस्पर देऊन टाकू नये.

१०. समारोप

आता मी फळ्यावर वेगळा प्रश्न लिहिते : 'या नायकाच्या दुःखाची किंमत कोण कोण देते? ते लेखनातून ऐकू येते काय? कुठे?' या प्रश्नाची उत्तरे गाइडमध्ये सापडत नाहीत, त्यामुळे ती तपासायला वेळ लागतो. पण पहिल्यांदाच मुले पुस्तक उघडून, पान दाखवून भांडतात. कुणी सिंधूच्या बाजूने बोलते, कुणी पांडुरंगाच्या वडिलांच्या. दुखावलेल्या माणसाबद्दल त्यांची माया कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. ती फक्त एकट्या त्याच्यापाशी थांबत नाही.

त्या मुलीने 'रणांगण'ची ग्रंथालयातली प्रत ठरल्या दिवसापेक्षा महिनाभर उशिरा परत केली. दंड भरताना म्हणाली, आई वाचत होती. रात्री काम आटोपल्यावर रोज थोडी पाने. मी विचारले, आई काय म्हणाली? तिने जरा आठवून सांगितले, "पत्रं वाचून झाल्यावर पुस्तक मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, लिहिणाऱ्याला तिचं कळलं होतं. एवढंच." जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "आता ते बाबांनी वाचायला मागितलंय. दुसऱ्यांदा नेऊ का?"

नियमाप्रमाणे तीच प्रत लगेच देता येत नव्हती. मी माझी घरची दिली.